सीईटीच्या गणिताचं गाइड घेण्याआधी

(आमच्या सांगलीच्या दुकानातर्फे, ग्राहकांसाठी मोफत)

बारावीचे वर्ग सुरू झाले की अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीसाठी काउंटरवर एकच वाक्य दिवसभर ऐकू येतं: "सीईटीचं मॅथ्सचं सगळ्यात चांगलं गाइड द्या." असं एकच पुस्तक असतं तर आम्ही बाकीची ठेवलीच नसती. तासगाव, जत, कवठेमहांकाळहून एसटीनं यायचं, परतीची गाडी चुकू नये म्हणून घाईत सगळ्यात जाड पुस्तक उचलायचं, हे आम्ही रोज बघतो. त्यासाठी हे पत्रक. वाचून एखादं पुस्तक कमी घेतलंत तरी आमची तक्रार नाही.

आधी परीक्षा समजून घ्या. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० गुण, गणित एकटं १००. म्हणजे सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकीला जायचं असो की कराडच्या शासकीय अभियांत्रिकीला, निम्मा डोलारा गणितावर. एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद मिळतात. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर, २० टक्के अकरावीवर.

या २० टक्क्यांतच जुनं गाइड पकडता येतं. अकरावीची सगळी पुस्तकं सीईटीला नाहीत, ठरावीक दहा प्रकरणं आहेत: ट्रिग्नॉमेट्री दुसरा भाग, स्ट्रेट लाइन, सर्कल, मेझर्स ऑफ डिस्पर्शन, प्रॉबॅबिलिटी, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, फंक्शन्स, लिमिट्स, कंटिन्युइटी. गाइड हातात आलं की कव्हर बघू नका, अनुक्रमणिका उघडा. कंटिन्युइटी बारावीच्या यादीत दिसली तर पुस्तक जुन्या अभ्यासक्रमाचं आहे, खाली ठेवा. बोर्डाची अकरावीची पुस्तकं २०१९ मध्ये आणि बारावीची २०२० मध्ये बदलली, तेव्हा ते प्रकरण अकरावीत गेलं. ही परीक्षा घेणारं सीईटी सेल अभ्यासक्रम आपल्या संकेतस्थळावर टाकतं. त्याची प्रिंट काढून सोबत आणलीत तर फारच उत्तम, आमच्याशी वाद घालायला बरं पडतं.

हे सांगताना आमचीही चूक कबूल करतो. मिरजेच्या एका मुलीला आम्ही गडबडीत कपाटातला जुना साठा दिला होता. दिवाळीनंतर ती पुस्तक घेऊन आली, तेव्हा कोनिक सेक्शन्सचं अख्खं प्रकरण तिनं पेन्सिलनं सोडवलेलं होतं, अगदी नेटकं. सीईटीला ते प्रकरण नाही. पुस्तक लगेच बदलून दिलं, तिचे दिवस कुठून देणार? तेव्हापासून जुन्या आवृत्त्या आम्ही काउंटरवर ठेवत नाही.

दुसरी परीक्षा सोल्यूशनची. डेफिनिट इंटिग्रेशनचं प्रकरण काढा आणि हे नेहमीचं गणित शोधा: शून्य ते पाय छेद दोन, अंशात साइन एक्स, छेदात साइन एक्स अधिक कॉस एक्स. काही गाइडांत मागं नुसतं "क" छापलेलं असतं. काहींत अर्धं पान भरून सब्स्टिट्यूशन केलेलं असतं. ते बरोबर असतं, पण १ मिनिट ४८ सेकंदांत बसत नाही. चांगल्या गाइडात तीन ओळी असतात. एक्सच्या जागी पाय छेद दोन वजा एक्स घाला, साइनचा कॉस होतो आणि कॉसचा साइन. मूळ इंटिग्रल आणि हे नवं मिळवलं की अंश-छेद सारखेच, उरतो १. दोन इंटिग्रल मिळून पाय छेद दोन, म्हणून एक पाय छेद चार. आणि खाली एक ओळ हवी: साइन-कॉसवर कोणताही सारखा घात असला तरी उत्तर हेच. ही ओळ ज्याच्यात आहे ते गाइड लिहिणारा वर्गात शिकवलेला माणूस आहे, असं आम्ही धरतो.

"मागच्या वर्षीचा पेपर" मागताना लक्षात असू द्या की परीक्षा अनेक सत्रांत होते, पेपर एक नसतो. संचात प्रत्येक पेपरवर तारीख आणि सत्र छापलेलं बघून घ्या. नुसतं "पीवायक्यू" (मागच्या वर्षांचे प्रश्न) लिहून प्रकरणवार प्रश्न ओतलेले असतील तर ते सरावाला ठीक, पण घड्याळ लावून बसायला उपयोगाचे नाहीत. आणि कव्हरवरच्या पर्सेंटाइलला भुलू नका. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० गुण नव्हेत. १०० पैकी ९० मुलं तुमच्याइतकीच किंवा तुमच्या मागं, एवढाच त्याचा अर्थ.

मराठी माध्यमातलं गाइड बरेच पालक मागतात. समजून घ्यायला मराठीत वाचा, जरूर वाचा, पण सीईटीचा गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो, सराव त्याच भाषेत हवा.

जेईईची जाडजूड पुस्तकं आम्ही विकतो, तरी फक्त सीईटी देणाऱ्याला ती आपणहून देत नाही. तिथं, म्हणजे जेईई मेनला, गणिताचे २५ प्रश्न, चुकीला गुण वजा, सगळा खेळच निराळा.

मग घ्यायचं काय? बोर्डाचं पाठ्यपुस्तक घरात असेलच. नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. त्यातले सोडवलेले आणि मिसलेनियस एक्झरसाइजचे प्रश्न आधी संपवा. मग एक गाइड, आणि जानेवारीच्या सुमाराला एक पेपरसंच. तिसरं पुस्तक बहुतेकांच्या घरी कोरंच राहतं, जूनमध्ये तेच सेकंड हँड म्हणून आमच्याकडं येतं.

येताना मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा. दुकानात मागच्या बाजूला बाक आहे, तिथं बसून अर्धा तास दोन गाइडं चाळा, कुणी उठवणार नाही. घेतलेल्या पुस्तकावर पेन लागलेलं नसेल तर बिल दाखवून आठ दिवसांत बदलून मिळेल. पेन्सिल चालते, खोडरबर आम्ही देतो.