नळी, तालीम आणि जिवंत हाड

मटणाच्या ताटात नळी आली की कोल्हापुरात ती कुणी सोडत नाही. आतली मज्जा ओढून घ्यायची, नाहीच निघाली तर ताटावर आपटायची आणि मग ती कडेला ठेवायची. कडेला ठेवण्याआधी ती एकदा उजेडात धरून नीट बघा. बकऱ्याच्या आणि माणसाच्या लांब हाडाची मूळ रचना एकच आहे. बाहेर घट्ट, गुळगुळीत भिंत. मधे पोकळी आणि तिच्यात मज्जा. सांध्याकडचं टोक मात्र पोकळ नसतं. तिथं बारीक काड्यांची आणि पडद्यांची जाळी दिसते, आणि जाळीच्या भोकांत थोडा लालसर भाग.

मोठ्या माणसाच्या मांडीच्या हाडात मधल्या पोकळीत बहुतेक चरबीच असते. रक्त तयार करणारी लाल मज्जा असते ती उरोस्थी, बरगड्या, मणके, कंबरेची हाडं यांत आणि मांडीच्या व दंडाच्या हाडांच्या वरच्या टोकाच्या जाळीत. तिथं दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या रक्तपेशी तयार होतात. सांगाडा म्हटलं की आपल्याला प्रयोगशाळेतला टांगलेला, वाळलेला सांगाडा आठवतो. मला वाटतं, हाडांबद्दलचे आपले बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

पांढऱ्या रश्श्यासाठी काढलेलं अळणी पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी ते थलथलीत गोठलेलं असतं. हाडांतलं आणि शिरा-पडद्यांतलं कोलॅजन नावाचं प्रथिन शिजून पाण्यात उतरतं, त्यामुळे हे होतं. कोरड्या हाडाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश खनिज असतं, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरसचं. उरलेलं बहुतेक कोलॅजन. हे खनिज पाण्यात उकळून फारसं उतरत नाही. हाड मोडलेल्या माणसाला घरोघरी पायाचं सूप पाजतात. ते प्यायला काहीच हरकत नाही, चवीला उत्तमच असतं, पण त्याहून जास्त कॅल्शियम कपभर दुधात मिळतं.

दोन्ही घटकांचं काम वेगळं करून बघता येतं. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवड्याभरात ॲसिड खनिज विरघळवतं आणि हाड चक्क वाकतं. उलट, चुलीत जळालेलं हाड बोटांनी चुरडतं, कारण त्यातलं कोलॅजन जळून गेलेलं असतं. स्लॅबमध्ये काँक्रीट दाब सोसतं आणि सळई ताण सोसते, तसंच हे जोडकाम आहे.

स्लॅब मात्र एकदा पडला की पडला. हाडाचं बांधकाम मरेपर्यंत थांबत नाही. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवून खड्डे पाडतात आणि मागून ऑस्टिओब्लास्ट येऊन ते नव्या हाडानं भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा असा दरवर्षी नवा होतो. रोजच्या वापरात पडणाऱ्या सूक्ष्म भेगा यात बुजतात. शिवाय शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन आणि मज्जातंतूंचे संदेश चालतात. रक्तातलं कॅल्शियम जरा घटलं की गळ्यातल्या चार इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढलं जातं. हृदय चालू राहावं म्हणून शरीर हाड खर्ची घालतं, आणि आहारातून भरपाई झाली नाही तर ते वर्षानुवर्षं घालतच राहतं.

कुठं खोदायचं, कुठं बांधायचं, हे ठरवण्यात हाडाच्या आत अडकून राहिलेल्या तिसऱ्या पेशींचा, ऑस्टिओसाइटचा, मोठा वाटा असतो. बारीक तंतूंनी त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि हाडावर पडणारा भार त्यांना जाणवतो. या पेशींचं काम कळण्याच्या कितीतरी आधी माणसांनी त्याचा परिणाम पाहिला होता. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये शरीररचनातज्ज्ञ हर्मान फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला. तो पाहून कार्ल कुलमान या स्थापत्य अभियंत्यानं ओळखलं की वरच्या टोकातली ती जाळी अस्ताव्यस्त नाही. क्रेनच्या वाकड्या दांड्यात ताणाच्या आणि दाबाच्या रेषा जशा काढतात, तशाच त्या काड्या बसलेल्या आहेत. पुढे १८९२ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी नियम मांडला: हाडावर जसा भार पडतो, तशी त्याची घडण बदलते.

हा नियम चालताना बघायचा तर पहाटे कुठल्याही तालमीत जावं. जोर, बैठका, मग मातीतली लढत. प्रत्येक बैठकीला मांडीच्या हाडावर भार येतो, स्नायू हाडाला ओढतात, पेशींना निरोप जातो. कुस्ती किंवा वेटलिफ्टिंगसारखे खेळ खेळणाऱ्यांची हाडं त्यामुळे सर्वसाधारणपणे जास्त घट्ट असतात. रोज पंचगंगेत पोहणाऱ्याचा दमसास वाढतो, पण पाणी शरीराचं वजन पेलून धरत असल्यानं हाडांना हा फायदा तितका मिळत नाही. अंतराळात तर वजनच जाणवत नाही. तिथं खास काळजी न घेतल्यास अंतराळवीराच्या कंबरेच्या हाडांतली महिन्याला एक ते दीड टक्का घनता कमी होते.

तालमीतच दुसरी एक गोष्ट बघायला मिळते. जुना पैलवान कानावरून ओळखू येतो, गाठाळलेल्या, मिटल्यासारख्या कानावरून. कानाची पाळी हाडाची नसते, आत कूर्चा असते, म्हणजे हाडाहून मऊ आणि लवचीक भाग. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या पातळ आवरणातून होतं. घासाघाशीत आवरण सुटून मधे रक्त साकळलं की कूर्चा उपाशी पडते आणि तिथं वेडीवाकडी गाठ धरते. रक्त वेळेत काढलं तर कान वाचतो. हाडाला मात्र रक्तपुरवठा भरपूर. मोडलेल्या जागी आधी रक्ताची गाठ, मग मऊ कूर्चेचा सांधा, मग कच्चं हाड आणि पुढं कित्येक महिने त्याची तासणी. नीट बसवलेलं हाड व्रण न ठेवता जुळतं. गुडघ्यातली झिजलेली कूर्चा तशी भरून येत नाही, ते याच कारणानं.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या सांगाड्याचे तुकडे तीनशेच्या आसपास असतात. जुळत जुळत ते २०६ होतात, आणि त्यांतली १०६ तर मनगटासकट हाताच्या पंजांत आणि पावलांतच. आजी ज्या टाळूवर तेल घालते, तिथं कवटीची हाडं अजून एकमेकांना भेटलेली नसतात. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांतून उंची वाढते. तालमीत घातलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोराचं मनगट सुजलं तर ‘मुरगळलं असेल’ म्हणून चोळत बसू नये. मार त्या पट्टीला असेल तर हाडाची वाढ खुंटू शकते. एक्स-रे काढावा.

हाडांचा साठा साधारण तिशीपर्यंत वाढतो, मग हळूहळू उतरतो. बायकांमध्ये पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि खोदणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो, म्हणून पुढची काही वर्षं ही झीज वेगानं होते. भरल्या घरात सगळ्यांना दूध देऊन स्वतः चहावर भागवणाऱ्या बाईला तिचा फटका जास्त बसतो. आई किंवा आजीची उंची कमी झालेली वाटली, पाठ वाकू लागली, तर त्याला नुसतं वय म्हणू नका. बऱ्याचदा मणका खचलेला असतो, आणि तो कुठंही न पडता, फारसं न दुखताही खचतो. डेक्सा नावाच्या साध्या, न दुखणाऱ्या तपासणीत हाडांची घनता कळते. झीज मंदावणारी औषधं आहेत, आणि खुब्याचं हाड मोडण्याआधी सुरू केली तर त्यांचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.