गेइशा

गेइशा म्हणजे जपानमधली व्यावसायिक कलावंत बाई. नाच, गाणं, शामिसेन (तीन तारांचं वाद्य) वाजवणं आणि जेवणाच्या बैठकीत पाहुण्यांशी गप्पा मारत, खेळ खेळत बैठक रंगवणं हा तिचा धंदा. क्योटोत तिला गेइको म्हणतात आणि शिकाऊ मुलीला माइको.

उगमाबद्दल एकमत नाही. एक गोष्ट मात्र बहुतेक सगळे मान्य करतात, की हे नाव आधी पुरुषांना लागलं. तायकोमोची किंवा होकान नावाचे विनोदी कलाकार परवानाधारक वेश्यावस्त्यांमधे श्रीमंत गिऱ्हाइकांची करमणूक करायचे, बायका त्या मानाने उशिरा आल्या. काही जण बायकांच्या गेइशापणाची सुरुवात 1680 च्या आसपासच्या ओदोरिकोंपासून, म्हणजे सामुराई घरांत नाचायला बोलावल्या जाणाऱ्या मुलींपासून धरतात. दुसरं मत असं की 1750 च्या सुमारास एदोच्या (आजचं टोकियो) फुकागावा भागातली किकुया ही पहिली, ती शामिसेन आणि गाण्यासाठी प्रसिद्ध होती. तिसरं नाव योशिवारा या एदोतल्या परवानाधारक वेश्यावस्तीतल्या, ओगिया नावाच्या वेश्यागृहातल्या कासेनचं, साल साधारण 1761. पण ‘पहिली कोण’ या वादापेक्षा 1779 चं केनबान, म्हणजे योशिवारातलं गेइशांचं नोंदणी कार्यालय, जास्त महत्त्वाचं मानायला हवं, कारण नियमात बांधलेला वेगळा पेशा तिथून दिसायला लागतो. ते दाइकोकुया शोरोकूने काढलं असं सांगतात. गेइशाने गिऱ्हाइकाशी शरीरसंबंध ठेवायचे नाहीत, कपडे आणि केसातले दागिने साधे ठेवायचे, अशी बंधनं आली. हेतू नीतीचा कमी आणि ओइरान म्हणजे वरच्या दर्जाच्या गणिकांचा धंदा बुडू नये हा जास्त होता, असं दिसतं. 1800 पर्यंत या पेशात बायकांचंच वर्चस्व झालं.

ओइरानचा ओबी (कमरेचा पट्टा) पुढे बांधलेला असायचा, गेइशाचा मागे. पर्यटकांच्या फोटोंवरून दोघींची गल्लत आजही होते, तेव्हा आधी गाठ बघावी. अर्थात लैंगिक व्यवहार आणि गेइशा यांचा काहीच संबंध नव्हता असं म्हणणंही खरं नाही. अनेक मुली लहानपणी कर्जाच्या करारावर ओकियात, म्हणजे गेइशांच्या राहायच्या घरात, यायच्या, आणि खर्च उचलणारा दान्ना, म्हणजे आश्रयदाता, असणं सर्रास होतं. 1872 च्या सरकारी हुकुमाने असे करार कागदावर रद्द केले, व्यवहारात ते बरीच वर्षं चाललेच. 1956 चा वेश्याव्यवसायविरोधी कायदा 1958 मधे पूर्ण लागू झाला तेव्हा योशिवारा बंद पडलं, गेइशांचा पेशा मात्र चालू राहिला.

ओकियाची मालकीण म्हणजे ओकासान (आई). ओचाया म्हणजे जिथे बैठक होते ते घर, त्याला चहाघर म्हणतात पण चहा हा तिथला मुद्दाच नाही. क्योटोत माइको व्हायची इच्छा असलेली मुलगी हल्ली शाळेचं सक्तीचं शिक्षण संपवून साधारण पंधराव्या वर्षी येते, आधी शिकोमी म्हणून घरकाम आणि शिकवणी, मग थोडे दिवस मिनाराई, म्हणजे बघून शिकणं, आणि मग मिसेदाशी हा पदार्पणाचा विधी. त्यात ती एका थोरल्या ‘बहिणी’शी नातं जोडते आणि बहुधा तिच्या नावातलं एक अक्षर आपल्या नावात घेते. पहिल्या वर्षी फक्त खालच्या ओठाला लाली. केसातले कानझाशी, म्हणजे फुलांचे दागिने, दर महिन्याला बदलतात. वीस एक वर्षांची झाली की एरिकाए, लाल कॉलर जाऊन पांढरी येते आणि स्वतःच्या केसांच्या रचनेऐवजी विग.

पूर्वी बैठकीचा वेळ उदबत्त्या जाळून मोजायचे, त्यामुळे मानधनाला अजूनही सेंकोदाई म्हणजे उदबत्तीचे पैसे म्हणतात. बऱ्याच ओचायांत ओळखीशिवाय नवख्याला प्रवेश नसतो. यामागे तोरा असेलही, पण बिल जागेवर न देता मागाहून पाठवायची पद्धत असल्यामुळे जुन्या गिऱ्हाइकाची हमी लागते हे कारण जास्त पटतं.

क्योटोत आज गेइशांच्या पाच वस्त्या आहेत: गिओन कोबू, गिओन हिगाशी, पोंतोचो, मियागावाचो आणि कामिशिचिकेन. गिओन कोबूचा मियाको ओदोरी हा वसंतातला जाहीर नृत्यप्रयोग 1872 च्या क्योटो प्रदर्शनाच्या निमित्ताने सुरू झाला, तिथे इनोउए शैलीचं नृत्य चालतं. 1 ऑगस्टला हास्साकू असतो, ऐन उकाड्यात काळे समारंभी किमोनो घालून गुरूंच्या आणि ओचायांच्या दारी नमस्काराला जायचं. टोकियोत शिम्बाशी, आकासाका, कागुराझाका, आसाकुसा अशा वस्त्या आहेत, शिम्बाशीचा आझुमा ओदोरी 1925 पासूनचा.