आफ्रिकेचे गोरे: केपच्या भाजीमळ्यापासून आजपर्यंत

७ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एक आदेश काढला. दक्षिण आफ्रिकेचे सरकार आफ्रिकानर लोकांवर, म्हणजे जुन्या युरोपीय वसाहतकऱ्यांच्या आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या वंशजांवर, वांशिक अन्याय करत आहे, त्यामुळे त्यांना निर्वासित म्हणून अमेरिकेत आसरा द्यावा, असा त्याचा आशय होता. मे महिन्यात पहिला गट वॉशिंग्टनजवळ उतरलाही. पण आदेश निघताच आफ्रिकानरांच्या प्रमुख संघटनांनी, सरकारवर सतत कडक टीका करणाऱ्या आफ्रिफोरमनेसुद्धा, सांगून टाकले होते की आमचे घर इथेच आहे, आम्हाला जायचे नाही. फक्त आफ्रिकानरांसाठी वसवलेल्या ओरानिया गावातूनही तेच उत्तर आले.

हे गोरे आफ्रिकेचे की उपरे, हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढणारे दोन्ही बाजूंना आहेत. इतिहास मात्र दोघांनाही सोपे उत्तर देत नाही. आफ्रिकेशी त्यांचे नाते खरे आहे आणि जुनेही आहे. त्याच नात्याच्या जोरावर त्यांनी इतरांचा त्या मातीवरचा हक्क कायद्याने पुसला, हेही तितकेच खरे आहे.

सुरुवात एका थांब्यापासून झाली. ६ एप्रिल १६५२ रोजी यान व्हान रीबेक डच ईस्ट इंडिया कंपनीची माणसे घेऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला उतरला. पूर्वेकडे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना ताजी भाजी, मांस आणि गोडे पाणी पुरवणे एवढेच काम त्याच्याकडे होते. वसाहत उभारण्याचा कंपनीचा बेत नव्हता. पण १६५७ मध्ये काही नोकरांना चाकरीतून मोकळे करून लीसबीक नदीकाठच्या जमिनी दिल्या गेल्या. ती खोईखोई पशुपालकांची चराऊ राने होती. १६५९ मध्ये लढाई झाली. पुढच्या वर्षी तहाच्या बोलणीत खोईखोई पुढाऱ्यांनी विचारले की आम्ही हॉलंडमध्ये येऊन असे वागलो असतो तर तुम्ही चालू दिले असते का? हा सवाल व्हान रीबेकने स्वतःच आपल्या रोजनिशीत नोंदवला आहे. त्याचे उत्तरही तिथेच आहे: जमीन लढाईत गेली, आता ती परत मिळणार नाही. पुढच्या साडेतीनशे वर्षांच्या भांडणाचे मूळ त्या एका पानावर सापडते.

याच काळात बंगाल, कोरोमंडल, मलबार, मादागास्कर आणि इंडोनेशियाच्या बेटांवरून गुलाम आणले जाऊ लागले. बंगालची आन्सेला त्यांपैकीच एक. ती व्हान रीबेकच्या घरी गुलाम होती. १६६६ मध्ये ती मुक्त झाली आणि १६६९ मध्ये आर्नोल्डस बासोन या गोऱ्याशी तिचे लग्न झाले. आज स्वतःला निखळ युरोपीय रक्ताची म्हणवणारी अनेक आफ्रिकानर घराणी वंशावळ शोधत गेली की तिच्यापाशी पोहोचतात. १६८८ च्या सुमारास फ्रान्समधून धर्मछळाला कंटाळून निघालेले ह्यूगेनॉ, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, आले. द व्हिलियर्स, जूबेर, दु प्लेसी ही आडनावे त्यांची. डच, जर्मन, फ्रेंच आणि घरातल्या गुलाम स्त्रियांची संतती, अशा मिश्रणातून हा समाज घडला.

१७०७ मध्ये स्टेलनबॉशला हेन्ड्रिक बीबो नावाच्या तरुणाने दारूच्या नशेत साथीदारांसह गिरणीपाशी धिंगाणा घातला. न्यायाधिकाऱ्याने त्याला छडीने मारून निघून जायला सांगितले, तेव्हा तो ओरडला की मी जाणार नाही, मी आफ्रिकांडर आहे. एका गोऱ्या माणसाने स्वतःला असे म्हणवून घेतल्याची ही अगदी सुरुवातीची नोंद मानली जाते. तोवर हा शब्द बहुधा मिश्र वंशाच्या किंवा तिथेच जन्मलेल्या गुलामांसाठी वापरला जाई.

१८०६ पासून केप कायमचे ब्रिटिशांकडे गेले. १८२० मध्ये सुमारे चार हजार ब्रिटिश वसाहतकरी आले. १८३४ मध्ये गुलामगिरी बंद झाली. भरपाई तोकडी, कारभार परक्या भाषेत आणि सरहद्दीवर सतत लढाया, यामुळे हजारो बोअर (डच भाषिक शेतकरी) कुटुंबे बैलगाड्या जुंपून उत्तरेकडे निघाली. त्यांनी ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही प्रजासत्ताके उभारली. ती रिकाम्या माळावर उभी राहिली नाहीत. तिथे झुलू, न्देबेले, सोथो आणि त्स्वाना लोक होते.

१८८६ मध्ये विटवॉटर्सरँडला सोने सापडले आणि ब्रिटिशांची नजर त्या प्रजासत्ताकांवर स्थिरावली. १८९९ ते १९०२ च्या युद्धात ब्रिटिश सैन्याने शेते जाळली, बायका-मुलांना छावण्यांत कोंडले. तिथे २६ हजारांहून अधिक बोअर स्त्रिया आणि मुले दगावली. वेगळ्या छावण्यांत डांबलेल्या काळ्यांपैकी किमान १४ हजार मेले, पण त्यांची स्मारके उभी राहायला जवळजवळ शतक लागले. पकडलेल्या बोअर सैनिकांना सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा आणि हिंदुस्थानात धाडले. त्यांतले काही आपल्या अहमदनगरच्या छावणीतही कैदेत होते.

माझ्या मते आफ्रिकानर मन या युद्धाने घडवले. आपण साम्राज्याचे बळी आहोत, ही भावना खोटी नव्हती. पण तिने दुसऱ्याचे दुःख दिसेनासे केले. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य (युनियन) झाले ते बोअर आणि ब्रिटिश यांच्या समझोत्यातून, काळ्यांना बाहेर ठेवून. १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्या बहुसंख्याकांसाठी देशाची जेमतेम ७ टक्के जमीन राखली. १९३० च्या दशकात सुमारे तीन लाख गोरे दारिद्र्यात होते. शेती सुटून खाणीत आणि रेल्वेत आलेल्या या माणसांना राष्ट्रवाद्यांनी भाषा, चर्च आणि बचत संस्थांभोवती गोळा केले. १९४८ मध्ये सत्ता त्यांच्याकडे गेली. १९५० च्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाचा वंश कागदावर ठरवला. आन्सेलाच्या वंशजांनीच तिच्यासारख्या लग्नांना गुन्हा ठरवले.

या भिंतीच्या आतूनही विरोध झाला, आणि त्याची किंमत जबर होती. ब्राम फिशरचे आजोबा ऑरेंज रिव्हर वसाहतीचे पंतप्रधान होते. सरकार उलथवण्याच्या आरोपाखालील रिव्होनिया खटल्यात त्याने मंडेलांचा बचाव केला. १९६६ मध्ये त्याला स्वतःलाच जन्मठेप झाली. १९७५ मध्ये तो वारला, तेव्हा त्याची रक्षासुद्धा तुरुंग खात्याने घरच्यांना ठेवू दिली नाही.

इतरत्र शेवट वेगळा झाला. १९६२ मध्ये अल्जेरियातून सुमारे आठ लाख युरोपीय वंशाचे लोक काही महिन्यांत फ्रान्सला निघून गेले. १९७५ च्या सुमारास अंगोला आणि मोझांबिकमधून पोर्तुगीज गेले, आणि त्यांच्या नोकरशाहीत असलेली कितीतरी गोवेकर कुटुंबेही. झिम्बाब्वेत २००० नंतर जवळपास चार हजार गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. आफ्रिकानरांना मात्र परत जायला मायदेश नव्हता. डच पासपोर्ट नाही, तिथे नातेवाईक नाहीत. १७ मार्च १९९२ च्या सार्वमतात ६८.७ टक्के गोऱ्या मतदारांनी वर्णभेद संपवण्याच्या वाटाघाटींना होकार दिला, त्यामागे हेही एक कारण असावे.

८ मे १९९६ रोजी नव्या राज्यघटनेच्या स्वागताला तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी संसदेत ‘मी आफ्रिकन आहे’ असे म्हणत बोलले. आपल्या घडणीत त्यांनी खोई आणि सान यांना, युरोपातून आलेल्यांना, हिंदुस्थान आणि चीनमधून आणलेल्यांना, बोअर कबरींवर फुले वाहणाऱ्या नातवंडालाही जागा दिली. इतकी उदार व्याख्या गोऱ्यांनी सत्तेत असताना कुणालाच दिली नव्हती.

व्याख्या झाली, जमीन राहिली. २०१७ च्या सरकारी पाहणीत खासगी व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे होती. २०२२ च्या जनगणनेत गोरे लोकसंख्येच्या ७.३ टक्के भरले. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी ज्या भूसंपादन कायद्यावर सही केली, त्यावरचा वाद या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत पेटला आहे.

भाषेबाबतही चित्र पालटते आहे. डचमधून घडलेल्या आफ्रिकान्सच्या सर्वात जुन्या लेखनात केपच्या मुसलमानांनी अरबी लिपीत लिहिलेले धर्मग्रंथ येतात. १९७६ मध्ये सोवेटोच्या मुलांनी हीच भाषा शाळेत लादल्याविरुद्ध गोळ्या झेलल्या. आज ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा मिश्रवंशीयांची संख्या जास्त आहे. स्टेलनबॉश विद्यापीठाने इंग्रजीला पुढे आणले तेव्हा आफ्रिकान्सवाद्यांचा दावा २०१९ मध्ये देशाच्या घटना न्यायालयात फेटाळला गेला. आता केप टाउनच्या केप फ्लॅट्स या मिश्रवंशीय वस्त्यांतले तरुण लेखक आणि रॅपर आपल्या रोजच्या काप्स या आफ्रिकान्सच्या बोलीत लिहितात, आणि आफ्रिकान्सवर आपला हक्क पहिला असल्याचे ठामपणे सांगतात.