अकरावी सायन्सच्या आधी: आमच्या फिजिक्स पायाभरणी वर्गाची माहिती

दहावीला विज्ञानात नव्वदच्या वर गुण मिळवलेली मुलंही अकरावीच्या पहिल्या चाचणीत फिजिक्सला गडबडतात. अडतं बहुधा गणितापाशी. राज्य मंडळाच्या २०१९ साली आलेल्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसऱ्याच धड्यात व्हेक्टर (दिशा असलेल्या राशी) आणि कॅल्क्युलस (म्हणजे डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन) येतं. गणिताच्या पुस्तकात मात्र डिफरन्सिएशन भाग दोनच्या शेवटाकडे, आणि इंटिग्रेशन तर थेट बारावीला. मधली ही फट आम्ही दहावीनंतरच्या सुट्टीत बुजवतो.

सूत्रांची यादी आम्ही देत नाही. आधी आकृती काढायला लावतो. कशी, ते पाहा.

लोकल सुटली की डब्यातली लोंबती कडी मागे कलते. किती? समजा, गाडीने ३० सेकंदांत शून्यावरून ताशी ५४ किलोमीटर वेग गाठला. म्हणजे सेकंदाला १५ मीटर, त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. फलाटावरून पाहणाऱ्याला कडीवर दोनच बलं दिसायला हवीत: खाली वजन आणि तिरका ताण. मुलं हमखास तिसरा बाण काढतात आणि त्यावर 'एम ए' (वस्तुमान गुणिले त्वरण) लिहितात. तो खोडायचा. एम ए म्हणजे वेगळं बल नव्हे, आहे त्या दोन बलांची ती बेरीज आहे. ताणाचा उभा घटक वजन तोलतो, आडवा घटक कडीला गाडीबरोबर पुढे नेतो. कडीचा उभ्या रेषेशी होणारा कोन थीटा धरला, तर आडव्या घटकाला उभ्याने भागलं की टॅन थीटा बरोबर ०.५ भागिले ९.८ (हे गुरुत्व त्वरण). हेलकावे थांबल्यावर कोन जेमतेम ३ अंश! वस्तुमान भागाकारात उडून जातं, म्हणून कडी जड असो वा हलकी, कलणार तेवढीच. हेच गणित डब्यात बसून सोडवायचं तर स्यूडो फोर्स, म्हणजे गाडीच्या त्वरणाच्या उलट दिशेचं मानीव बल, धरावा लागतो. तेही चालतं, पण फलाट आणि डबा एकाच आकृतीत मिसळले की उत्तर गेलंच.

अशी सात-आठ गणितं मन लावून सोडवलेली आम्हाला शंभर एमसीक्यूंपेक्षा मोलाची वाटतात. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, जेईई मेनमध्ये एक गुण जातो. अंदाजपंचे बाण मारायची सवय तिथे महागात पडते. कॅल्क्युलेटर दोन्हीकडे नाही, म्हणून आमच्याकडेही नाही.

समजावणं मराठीत, संज्ञा इंग्रजीत, कारण पुढचे पेपर बहुतेकांना इंग्रजीतच द्यायचे असतात. बारावीचा पोर्शन आम्ही घेत नाही. त्यासाठी दुसरा क्लास बघावा लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

येताना दोनशे पानी वही, पट्टी, कोनमापक आणि खोडरबर आणावं. पहिल्या तासाला पालकांनीही मागच्या बाकावर बसायला हरकत नाही. फी त्यानंतर भरली तरी चालेल.