उग्र वास म्हणजे जास्त क्लोरीन नव्हे
जलतरण तलावाला उग्र वास आला की क्लोरीन जास्त झाले, हा समज फार जुना आहे. वस्तुस्थिती बहुधा नेमकी उलट असते. घाम आणि लघवीतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, आणि डोळे चुरचुरवणारा तो वास त्यांचाच असतो. अशा वेळी क्लोरीन बंद करणे ही घातक चूक आहे, कारण जंतू मारणारे मुक्त क्लोरीन आधीच संपत आलेले असते. ते चाचणी संचाने मोजावे. दर लिटरला किमान १ मिलिग्रॅम तरी हवेच. पाण्याचा पीएचही ७.२ ते ७.८ दरम्यान राखावा, कारण तो ८ वर गेल्यास मुक्त क्लोरीनचा जेमतेम पाव भाग प्रभावी रूपात उरतो. साचलेली क्लोरामाइन मोडण्यासाठी क्लोरीनची मोठी मात्रा एकदम द्यावी लागते, आणि पातळी उतरेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये.