मे महिन्याची फुले जानेवारीत ठरतात

दर एप्रिलमध्ये मोबाइलवर एक संदेश फिरत येतो: बहावा फुलला की बरोबर ४५ दिवसांनी पाऊस. सोबत पिवळ्या झुंबरांचा फोटो आणि ‘आपल्या पूर्वजांचे विज्ञान’ असा शेरा. मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १ जूनला केरळात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोचतो. त्यातून ४५ दिवस वजा केले की एप्रिलचा मध्य किंवा शेवट येतो, आणि बहावा फुलायचा हंगामही तोच. दोन वेळापत्रके शेजारी ठेवली, भविष्यवाणी तयार! एकाच रस्त्यावरचे दोन बहावे तीन-तीन आठवड्यांच्या फरकाने फुलतात. मग त्या रस्त्यावर पाऊस दोनदा सुरू व्हायला हवा.

झाडाला पुढचे काही कळत नाही, होऊन गेलेले मात्र पक्के लक्षात असते. पावसाळ्यात साठवलेले अन्न, हिवाळ्यातला लहान दिवस, कोरडी पडत गेलेली माती, रात्रीचे तापमान या सगळ्याचा हिशेब झाला की कळी धरायची की पालवी, हे ठरते. बाहेर पळस, पांगारा, बहावा, ताम्हण एकामागून एक पेटत असताना आपल्या गच्चीवरच्या कुंड्या एप्रिल-मेमध्ये ओस का पडतात, याचे उत्तरही याच हिशेबात आहे.

कुंड्यांमध्ये आपण लावतो ती बहुतेक हिवाळी हंगामी फुले: पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, पॅन्सी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी पेरायचे, डिसेंबर ते फेब्रुवारी बहर, आणि मार्चमध्ये पारा ३५ अंशांवर गेला की खेळ संपला. ही एका हंगामाची झाडे. बी धरून मरणे हेच त्यांचे काम. पावसाळी तेरडा, झिनिया जूनमध्ये पेरणार आणि ऑगस्टकडे फुलणार. मधले अडीच महिने कुंड्या रिकाम्या राहतात. मग कांद्याच्या सालींचे पाणी, ताकाची फवारणी, एप्सम सॉल्ट असे उपाय सुरू होतात. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी मॅग्नेशियमची टंचाई दिसत असेल तर ते उपयोगी पडते. कळी आणण्याचा गुण त्यात नाही.

ही फट भरायची तर बहुवर्षायू झाडे हवीत, आणि ती निवडताना नर्सरीत ‘याला उन्हाळ्यात फुले येतात का’ एवढे विचारून भागत नाही. विचारायचे असे: याची कळी कधी धरते, आणि झाडाच्या कोणत्या भागावर? उत्तर कळले की छाटणी, पाणी, खत सगळे आपोआप ठरते.

सुरुवात बोगनवेलीपासून, कारण फूल ‘ठरते’ म्हणजे काय, हे तिच्याइतके उघडपणे दुसरे कोणतेही झाड दाखवत नाही. तिचा रंगीत भाग फूल नसतो, ती छदे असतात, म्हणजे रंगलेली पानेच. तीन छदे, प्रत्येकाला चिकटलेली एक बारीक पांढरट नळी, आणि ती नळी हे खरे फूल. हा फुलोरा येतो पानाच्या बेचक्यातून. आता त्याच वेलीचा काटा पाहा. तोही पानाच्या बेचक्यातूनच येतो. हा योगायोग नाही. काटा आणि फुलोऱ्याचा दांडा हे मुळात एकच अवयव आहेत. बेचक्यात पेशींचा एक सूक्ष्म उंचवटा तयार होतो. परिस्थिती अनुकूल असली तर तो फांद्या फोडून फुलोरा बनतो, नसली तर टोक कडक होऊन काटा. त्याच बेचक्यात आणखी एक राखीव डोळा असतो, त्यातून नवी फांदी फुटते. म्हणजे बोगनवेलीवरचा प्रत्येक काटा हे एक न उमललेले फूल आहे.

हा कौल कोण देते? मुख्यतः जिबरेलिन. भाताची रोपे लुकडी-उंच करणाऱ्या एका बुरशीत जपानी शास्त्रज्ञांना सापडलेले हे संप्रेरक वनस्पती स्वतःही बनवतात, विशेषतः कोवळ्या, वाढत्या पानांत. बोगनवेलीवर जिबरेलिन फवारले की फुलोरे थांबतात आणि काटे वाढतात. उलट बाजूही तपासली गेली आहे: ‘सॅन दिएगो रेड’ या जातीवरच्या, १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कोवळी पाने खुडली आणि सायटोकायनिन हे दुसरे संप्रेरक दिले, तेव्हा फुलोऱ्यांची वाढ सुधारली. कोवळी पाने एकीकडे जिबरेलिन सोडतात, दुसरीकडे जुन्या पानांनी बनवलेली साखर स्वतःकडे ओढतात. बेचक्यातला उंचवटा उपाशी राहतो आणि काट्यावर भागवतो. त्यात दिवसाच्या लांबीची भर पडते. बोगनवेलीच्या बऱ्याच जातींना लहान दिवस मानवतो. पुण्यात डिसेंबरअखेरीचा दिवस सुमारे ११ तासांचा, जूनअखेरीचा सव्वातेरा तासांचा. मे महिन्यात दिवस लांबत चाललेला असतो, म्हणजे कल पालवीकडे. तो कल उलटवणारी एकच गोष्ट आपल्या हातात आहे: पाणी. माती कोरडी पडली की सगळ्यांत आधी नव्या पानांची वाढ थांबते, साखर उरते, आणि उंचवट्याला ती मिळते. पावसाळ्यात लांब दिवस, ढग आणि भरपूर पाणी एकत्र येतात, म्हणून तेव्हा वेल नुसती हिरवी आणि काटेरी.

डाळिंब-संत्र्याचे बागायतदार हे फार पूर्वीपासून करत आले आहेत. बहार धरण्यासाठी ते ‘ताण देतात’, म्हणजे पाणी बंद ठेवतात, मग ‘ताण तोडतात’, म्हणजे पाणी पुन्हा सुरू करतात. बोगनवेलीचे गणित तेच, फक्त कुंडीच्या मापाने.

कुंडी १० ते १२ इंचांचीच ठेवावी. मुळे दाटलेली असली तर उत्तम. किमान ५ ते ६ तास थेट ऊन हवे. यापेक्षा कमी असेल तर पुढचे काहीही करू नका, दुसरे झाड निवडा. मार्चच्या मध्यापासून पाणी तोडायचे. दुपारी पाने मलूल दिसणे हा ताण नव्हे, ते उन्हाने होते. सकाळी सातलाही पाने लोंबलेली दिसली तर खरा ताण बसला. तेव्हा अर्धा लिटर पाणी द्यायचे, पुन्हा थांबायचे. असे दोन ते तीन आठवडे. फांद्यांच्या टोकांकडे बेचक्यात बारीक रंगीत ठिपके दिसले की ताण तोडून रोज सकाळी पोटभर पाणी. ठिपक्यांपासून पूर्ण रंगापर्यंत साधारण तीन ते चार आठवडे लागतात.

चुका बहुतेक ठरलेल्या असतात. ठिपके दिसल्यावरही ताण चालू ठेवला तर छदे कागदासारखी गळतात. मार्चमध्ये कौतुकाने मोठ्या कुंडीत हलवली तर वेल मुळे आणि पाने वाढवण्यात पावसाळ्यापर्यंत रमते. युरिया किंवा ताजे शेणखत घातले तर नत्र मिळून कोवळी पाने, म्हणजे पुन्हा जिबरेलिन, पुन्हा काटे. आणि काळ्या मातीत जमिनीवर लावलेल्या वेलीला हा ताण बसायला महिनाही लागतो, कारण ती माती ओल सोडतच नाही. तिथे मुरूम मिसळलेला उंच वाफा करावा लागतो.

मोगऱ्याचे उत्तर वेगळे. त्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते, बहुधा तीन-तीनच्या घोसात, आणि मधली आधी उमलते. तेव्हा जितकी नवी टोके तितके घोस. न छाटलेल्या मोगऱ्यात टोके मोजकी असतात, कारण प्रत्येक शेंडा खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतो. शेंड्यातून खाली झिरपणारे ऑक्सिन नावाचे संप्रेरक हे याचे कारण शाळेत शिकवतात. २०१४ साली वाटाण्याच्या रोपांवर दिसले की शेंडा तोडताच खालच्या डोळ्यांकडे साखर आधी पोचते आणि ऑक्सिनची घट तिथे जाणवण्यापूर्वीच ते जागे होऊ लागतात. पुन्हा साखरच. कात्रीचे काम इतकेच की शेंड्याच्या तोंडचा घास खालच्या डोळ्यांकडे वळवायचा.

डिसेंबरअखेर कुंडीतल्या मोगऱ्याचे पाणी आठ-दहा दिवस तोडावे. जानेवारीच्या मध्यावर झाड जमिनीपासून दीड फुटावर छाटावे. वाळक्या आणि काडीपेक्षा बारीक फांद्या बुडापासून काढाव्यात. काप पानांच्या जोडीच्या पाव इंच वर, धारदार कात्रीने. उरलेली जुनी पाने हाताने खुडावीत. १४ इंचांच्या कुंडीला दोन ओंजळी कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, वरची दोन इंच माती हलवून मिसळावी आणि मग पाणी सुरू करावे. मार्चमध्ये पहिला बहर येतो. तो ओसरल्यावर फुले गळालेल्या प्रत्येक टोकाखालची पानांची दोन जोड्या लांबीची फांदी खुडावी, म्हणजे पाच-सहा आठवड्यांनी दुसरा बहर. ही खुडणी बहुतेक जण करत नाहीत आणि मेमध्ये झाड रुसले म्हणतात. मार्चअखेरीपर्यंत छाटणी लांबवली तर एप्रिलभर नुसती पाने बघावी लागतात.

जात घेताना: बटमोगरा गोल, गच्च कळीचा, मदनबाण लांब, टोकदार कळीचा. घरच्या गजऱ्यासाठी मदनबाण ओवायला सोपा. कळ्या उमलण्याआधीच जांभळट होऊन त्यांना बारीक भोक दिसले तर आत कळी पोखरणारी अळी आहे. अशा कळ्या रोज संध्याकाळी तोडून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात; झाडाखाली पडू दिल्या तर पुढची पिढी तिथेच तयार.

अनंताला मात्र ताणाची भाषा कळत नाही, त्याला गार रात्र लागते. रात्रीचे तापमान १८ अंशांच्या खाली असेल तर कळी नीट धरते. पुणे, नाशिकच्या हिवाळ्यात हे सहज जमते आणि एप्रिल-मेमध्ये झाड फुलते. मुंबईच्या गॅलरीत अनंत हिरवागार राहूनही फुलायला कंजूष असतो, याचे एक कारण तेच. दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. त्यातल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते, लोह असूनही मुळांना मिळत नाही, नवी पाने पिवळी पडतात. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून महिन्यातून एकदा मातीत द्यावे. कळ्या धरल्यावर कुंडी फिरवू नये आणि माती एकदाही पूर्ण सुकू देऊ नये, नाहीतर फुटाण्याएवढ्या कळ्या टपाटप गळतात.

सोनचाफा जागा असेल तरच, तोही कलमी. बियांच्या रोपाला फुलायला अनेक वर्षे लागतात. निशिगंधाचा मोह या कामासाठी टाळावा. एप्रिलमध्ये लावलेला कंद फुलणार जुलैनंतर, म्हणजे फट संपल्यावर.

उरले कंद, आणि त्यांचा हिशेब सगळ्यांत लांबचा. नर्सरीत जिला नुसते लिली किंवा अमरिलिस म्हणतात ती लाल-केशरी कर्ण्यांची वनस्पती कंदाच्या आत साधारण चार पानांमागे एक फुलोरा घडवते. मार्च-एप्रिलमध्ये वर येणारा दांडा मागच्या हंगामातल्या पानांनी घडवलेला असतो. फुले गेल्यावर ‘आता नुसती पाने, जागा अडवतात’ म्हणून ती कापणारा माणूस पुढच्या वर्षीचे फूल कापत असतो. दांडा कापावा, पाने पावसाळाभर राखावीत. कंद लावताना वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवावा. पूर्ण गाडला की मानेशी कुजतो.

मेच्या उत्तरार्धासाठी मे फ्लॉवर, म्हणजे फुटबॉल लिली. मूळची आफ्रिकेची. वळवाची एखादी सर पडली की मातीतून थेट दांडा आणि त्यावर शंभराहून जास्त बारीक लाल फुलांचा चेंडू. पाने नंतर येतात. हिला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली पुरते, म्हणून पूर्वेच्या गॅलरीला ही बोगनवेलीपेक्षा बरी. आठ इंचांच्या कुंडीत एक कंद, मान मातीच्या पातळीला, माती निम्मी साधी आणि बाकीत कंपोस्ट व जाड वाळू. वळीव आलाच नाही तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा कुंडी भिजेल एवढे पाणी द्यावे. कंद मोकळा करायची घाई नको. तीन-चार वर्षांत एकदा पुरे, कारण मुळे तुटली की एखादे वर्ष फुलाविना जाते. नोव्हेंबरमध्ये पाने पिवळी पडू लागली की पाणी थांबवायचे. पाने पूर्ण वाळल्यावर कुंडी जिन्याखाली आडवी करून ठेवायची, वर एक पट्टी चिकटवून: ‘रिकामी नाही’.