टीपॉय डेन्मार्कचा, साग आशियाचा

‘स्कँडिनेव्हियन’ म्हणून जुन्या फर्निचरच्या बाजारात भाव खाणारा बुटका टीपॉय बहुधा १९५० ते १९७० च्या दरम्यानचा आणि डेन्मार्कमध्ये घडलेला असतो. त्याचं लाकूड मात्र पुष्कळदा साग, आणि साग काही उत्तर युरोपात उगवत नाही. तिथली घरची झाडं म्हणजे ओक, बीच, बर्च. (शब्दाचा प्रवासही उलटसुलटच. आपल्या ‘तिपाई’चा इंग्रजांनी ‘टीपॉय’ केला आणि तो आपण परत घेतला. डॅनिश लोक त्याला ‘सोफ्याचं टेबल’ म्हणतात.)

कोपनहेगनमध्ये १८९७ साली ईस्ट एशियाटिक कंपनी निघाली. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, जंगलांतला साग हा तिचा एक मोठा धंदा. पण हे लाकूड दिवाणखान्यात यायला अर्धशतक जावं लागलं. १९२४ पासून कोपनहेगनच्या कला अकादमीत फर्निचर शिकवणाऱ्या कोरे क्लिंटचा जीव महोगनीवर होता. सागाला प्रतिष्ठा मिळाली ती पुढच्या पिढीत. डिझायनर फिन यूलने रेखाटावं आणि सुतार नील्स वोडरने घडवावं, अशी त्यांची जोडी होती. १९२७ ते १९६६ या काळात कोपनहेगनच्या सुतारांच्या संघाची प्रदर्शनं दरवर्षी भरत, आणि असं काम लोकांसमोर यायचं ते तिथेच.

अडचण होती ती हत्यारांची. सागात सिलिका असते, त्यामुळे पाती लवकर बोथट होतात. रंधा मारणाऱ्या कुठल्याही सुताराला हे सांगावं लागत नाही. चार्ल्स फ्रान्स या इंग्रज कारखानदाराने कार्बाइड या फार कठीण पदार्थाच्या टोकांची पाती बसवली, आणि सागवानी फर्निचर कारखान्यातून मोठ्या संख्येने निघू लागलं.

‘अख्खा भरीव साग’ या विक्रेत्यांच्या दाव्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पाय आणि कडा भरीव असतात, पण वरचा तक्ता अनेकदा विनियरचा, म्हणजे वरून लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. ती फसवणूक नव्हे. रुंद भरीव फळी हवेनुसार फुगते-आकसते, विनियर चढवलेला तक्ता सपाट राहतो. लाकडावर चकचकीत पॉलिशऐवजी नुसतं तेल दिलेलं असायचं, म्हणून कपांचे डाग त्यावर हमखास दिसतात. डॅनिश डिझायनर हान्स वेगनरने आंद्रेआस टुकच्या कारखान्यासाठी केलेल्या एका टीपॉयला खाली वेताने विणलेला कप्पा आहे, वर्तमानपत्रं सरकवायला. माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सर्वांत शहाणं टेबल तेच.

साठच्या दशकात ब्राझीलच्या शिसवाची चलती झाली. आपल्या शिसवाचा तो भाऊबंद. १९९२ साली तो साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत गेला. त्यामुळे त्या शिसवाचा जुना टीपॉय दुसऱ्या देशात विकायचा, तर तो करारापूर्वीचा असल्याचा दाखला जोडावा लागतो. सागाचं नाव त्या यादीत नाही.